मोबाईल घ्यायचाय? आधी बांधावर जाऊन या

सोयाबीनची पट्टी हातात आली, कापसाचा पहिला वेचा विकला, की आपल्याकडे घरोघरी खरेदीचे बेत सुरू होतात. पूर्वी या दिवसांत बैल बदलण्याची, छपरावर पत्रे टाकण्याची, लेकीच्या अंगावर चार मणी करण्याची बोलणी चालत. आता त्या यादीत स्मार्टफोनही येऊन बसला आहे. शेतीशाळेला गेलो, की बोंडअळीची चर्चा संपते न संपते तोच कोणीतरी खिशातून फोन काढून विचारतो, "साहेब, हा बरा का तो बरा?" मी काही फोनांतला तज्ज्ञ नव्हे. परंतु शेतकऱ्याच्या घरात फोन कोणकोणत्या कामाला लागतो आणि कुठे अडतो, हे रोज पाहण्यात येते. त्यावरून चार गोष्टी सांगतो.

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खांदा चाचपतो, दहा पावले चालवून पाहतो, खोडी विचारतो, आणि मगच हातरुमालाखाली बोटे धरतो. तोच माणूस मोबाईलच्या दुकानात शिरला, की खोक्यावरचे चित्र पाहून आणि पोराच्या एका शब्दावर दहा-पंधरा हजार मोजून मोकळा होतो! कंपन्या दर पाच-सहा महिन्यांनी नवे मॉडेल काढतात. त्यामुळे 'अमुकच घ्या' असे येथे लिहिले, तर अंक तुमच्या हाती पडून चार घरी फिरेपर्यंत ते मॉडेल दुकानातून गेलेले असायचे. दात कसे पाहायचे तेवढे कळले म्हणजे पुरे.

काम कोणते, ते आधी ठरवा

फोन ही आता नुसती बोलायची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोटो काढून करण्याची पद्धत आली. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये २००० च्या तीन हप्त्यांत येतात, त्यासाठी ई-केवायसी लागते. ठिबक, अवजारे, शेततळे यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. शेतकरी ओळख क्रमांक आहे, त्याचाही निरोप मोबाईलवरच येतो. शिवाय बाजारभाव, हवामान, दूध संघाचा हिशेब, बचत गटाचे पैसे आणि मुलांचा अभ्यास आहेच.

ही सारी कामे साधा, मध्यम किमतीचा फोन उत्तम करतो. पंचवीस-तीस हजारांचा फोन जे जादा करतो, ते बहुतेक खेळ, चित्रपट आणि रात्रीचे फोटो यांसाठी असते. हौसेला मोल नसते, हे मलाही मान्य आहे. पण हौसेचे पैसे हौसेच्या खात्यावर टाकावेत, शेतीच्या खात्यावर टाकू नयेत.

रेंज

आता बांधावर चला. दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे दोन-तीन फोन मागून घ्या आणि विहिरीपाशी, गोठ्यात आणि स्वयंपाकघरात अशा तीन ठिकाणी लावून पाहा. गावठाणात पाचही कांड्या दाखवणारा फोन ओढ्याकाठच्या रानात मुका होतो, हा अनुभव सर्वांचा आहे. तो दोष पुष्कळदा फोनाचा नसतो, सिमचा असतो. पंधरा हजारांचा फोन घेऊन सिम तेच ठेवले, तर रानात तो तसाच मुका राहील.

मात्र फोनाचाही यात एक भाग आहे. प्रत्येक कंपनीची सेवा ठरावीक लहरींवर चालते, त्यांना 'बँड' म्हणतात. कमी मेगाहर्ट्झची लहर लांबवर जाते आणि भिंतीच्या आतही बऱ्यापैकी शिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने देशी बनावटीची ४जी सेवा देशभर सुरू केली. तीत ७०० मेगाहर्ट्झची, म्हणजे बँड २८ ची लहर वापरली जाते. काही स्वस्त फोनांत हा बँडच नसतो. ज्यांच्या डोंगरकपारीच्या गावात बीएसएनएलशिवाय दुसरी रेंज नाही, त्यांनी दुकानदाराला "४जीचा बँड २८ आहे का, ते दाखवा," असे स्पष्ट विचारावे. दुकानदार गडबडला, तर कंपनीच्या माहितीपत्रकात ते छापलेले असते, तिथे पाहावे.

५जी घ्यावा की ४जीवर भागवावे? ही सेवा आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन आपण चार-पाच वर्षे वापरतो. त्यामुळे दोहोंच्या किमतीत हजार-दीड हजाराचाच फरक असेल, तर ५जीचा घ्यावा. पण ५जीच्या नावाखाली आत मेमरी तोकडी दिली असेल, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा समजावा.

येथेच एक आडगोष्ट सांगून टाकतो. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेले पुष्कळजण आहेत. त्यांपैकी बरेच स्टार्टर जुन्या २जी सिमवर चालतात आणि जिओची २जी सेवा नाही. घरातले सगळे नंबर एका कंपनीवर नेण्याच्या भरात स्टार्टरचे सिमही बदलाल, तर पाणी द्यायला रात्री पुन्हा पायपीट होईल.

ऊन, धूळ आणि रात्रपाळी

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच फोनांचा पडदा झगमगतो. फोन हातात घ्या, दुकानाच्या बाहेर या आणि भर उन्हात उभे राहून सातबारा वाचता येतो का पाहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. खोक्यावर उजेडाचे माप 'निट्स'मध्ये दिलेले असते. आकडा जितका मोठा तितके उन्हात दिसायला बरे, पण डोळ्यांची परीक्षा खरी. चाळिशी लागलेल्यांनी अक्षर मोठे करून घ्यावे. ती सोय प्रत्येक फोनात असते.

बॅटरी ५००० एमएएचच्या खाली घेऊ नये. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जावे लागते, तेव्हा हाच फोन विजेरीचे काम करतो. विजेरीचा प्रकाश दुकानातच लावून पाहावा, काही फोनांचा अगदीच मिणमिणता असतो. चार्जर खोक्यात मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, हे विचारून घ्यावे. आता बऱ्याच कंपन्यांनी तो देणे बंद केले आहे. पंपाच्या खोलीत, ओल्या हातांनी, उघड्या बोर्डावर फोन चार्ज करू नये. तिथल्या विजेच्या चढउताराने चार्जर जळतो, आणि जिवाचाही धोका असतोच.

पाण्याच्या बाबतीत 'आयपी' म्हणून एक आकडा असतो. आयपी ५४, ६४, ६७, ६८ असे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ म्हणजे थोडी धूळ आणि शिंतोडे सोसणारा, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पण एवढ्यावर भरवसा ठेवून फोन घेऊन हौदात उतरू नका, कारण पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या हमीत धरत नाहीत. वीस रुपयांची जाड प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात उत्तम.

ही पिशवी फवारणीच्या दिवशी तर हवीच. औषधाने माखलेल्या हातांनी फोन घ्यायचा, तोच गालाला लावायचा आणि संध्याकाळी तोच पोराच्या हातात द्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. फवारणी चालू असताना फोन बांधावर, सावलीत, डब्यात ठेवा. हात साबणाने धुतल्यावरच त्याला शिवा.

आणि ज्यांचे हात खुरप्याने, उसाच्या पाल्याने चिरलेले आहेत, त्यांनी बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या कुलपावर विसंबू नये. ठसा झिजलेला असतो, यंत्र ओळखत नाही. आकड्यांचे कुलूप लावावे आणि ते आकडे घरातल्या आणखी एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावेत. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी चेहरा दाखवण्याची सोय २०२३ मध्ये झाली, ती अशा झिजलेल्या बोटांना फार उपयोगी पडते. समोरचा कॅमेरा बरा हवा तो याकरिता.

मेमरी

यात दोन आकडे असतात. एक रॅम, म्हणजे कामाला जुंपलेली ताकद, आणि दुसरे स्टोरेज, म्हणजे कोठार. रॅम ४ जीबीच्या खाली नको, ६ असेल तर चांगले. काही खोक्यांवर '४+४' किंवा '४+८' असे छापून मोठा आकडा दाखवतात. त्यातला मागचा आकडा खरी रॅम नव्हे, तो कोठारातूनच उसना घेतलेला असतो. पहिला आकडाच खरा धरावा. कोठार १२८ जीबी असावे. रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे आणि शुभेच्छा यांनीच निम्मे कोठार भरते, आणि मग ऐन पीक पाहणीच्या दिवशी फोन 'जागा नाही' म्हणतो.

आणखी एक प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. या फोनाला कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे देणार? फोनातूनच बँकेचा व्यवहार करायचा असल्याने हे महत्त्वाचे आहे. काही स्वस्त फोनांना त्या दोन वर्षेच मिळतात. सॅमसंगने २०२४ मध्ये आणलेल्या ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनाला सहा वर्षे देण्याचे जाहीर केले. फरक एवढा असतो. फोन कोणत्याही कंपनीचा घ्या, हा आकडा विचारा, आणि तिचे दुरुस्ती केंद्र तालुक्याला किंवा निदान जिल्ह्याला आहे की नाही तेही विचारा.

कॅमेरा

माझ्या धंद्याचा हा विषय, म्हणून थोडा लांबवतो. पाठीवर तीन-चार भिंगे दिसली, की गिऱ्हाईक भुलते. त्यातले मुख्य भिंग एकच. बाकीची पुष्कळदा शोभेची. ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याशेजारी २ मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' दिला असेल, तर त्या मॅक्रोच्या नावावर एक पैसाही जास्त देऊ नका.

कॅमेऱ्याची पारख दुकानात अशी करावी. जाताना शेतातले एक पान खिशात न्यावे. कापसाचे, मिरचीचे, द्राक्षाचे, जे असेल ते. पान पालथे धरून एक वीत अंतरावरून मुख्य कॅमेऱ्याने फोटो काढा आणि पडद्यावर दोन बोटांनी मोठा करून पाहा. शिरा आणि बारीक लव स्वच्छ दिसली, तर तो कॅमेरा तुडतुडे, पांढरी माशी आणि मावा दाखवील. फुलकिडे आणि लाल कोळी मात्र इतके लहान, की कोणत्याही मध्यम फोनात ते धडपणे दिसायचे नाहीत. त्यांच्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग मिळते, ते खिशात बाळगावे. फोन दहा हजारांनी महाग घेण्यापेक्षा ते परवडते.

फोटो पाठवतानाही रीत असावी. नुसता एका करपलेल्या पानाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न, "औषध सांगा." अशाने आमचीही पंचाईत होते. एक फोटो सबंध झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा आणि एक दहा पावले मागे जाऊन रानाचा, असे चार पाठवा. सोबत पिकाचे वय, शेवटची फवारणी कशाची व केव्हा, आणि रोग सगळ्या रानात आहे की ठिकठिकाणी, हे लिहा किंवा बोलून पाठवा. एवढे असले, तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञाला फार अंदाज करावा लागत नाही.

एक महागडा की दोन साधे?

खरा वाद दुकानात होत नाही, तो घरी चुलीपाशी होतो. वीस हजार हाताशी आहेत. मुलाला कॉलेजात मिरवायला चांगला फोन हवा आहे. बापाचा बटनांचा फोन जुना झाला आहे. आईला तर फोनच नाही, "तिला कुठं चालवता येतो?" असे म्हणून तिचा विषय संपवलेला असतो.

माझे मत स्पष्ट आहे. वीस हजारांच्या एका फोनापेक्षा दहा-दहा हजारांचे दोन घ्यावेत, आणि दुसरा घरच्या लक्ष्मीच्या हातात द्यावा. कारण सांगतो. कापसात गुलाबी बोंडअळी आली, की फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. आपण तिला डोमकळी म्हणतो. ही डोमकळी पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडते? निंदणी-खुरपणी आणि वेचणी करणाऱ्या बायांच्या. म्हैस वैरण खात नाही, हे आधी कोणाला कळते? जी धार काढते तिला. जिच्या डोळ्यांना आधी दिसते, तिच्याच हाती कॅमेरा नसावा, हा कुठला न्याय? चालवता येत नाही ही सबब टिकणारी नाही. आमच्या महिला शेतीशाळेत ज्यांनी पहिल्या दिवशी फोन उलटा धरला होता, त्याच मावश्या महिन्याभरात बोंडातल्या अळीचे फोटो पाठवू लागल्या.

मात्र दोन फोन म्हणजे दोन रिचार्ज, हा हिशेब आधी मांडा. २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात १२ वेळा नव्हे, १३ वेळा करावे लागते. ३०० रुपयांचे धरले, तर एका फोनाचे वर्षाला ३९०० रुपये झाले. चार वर्षांत फोनाच्या किमतीपेक्षा जास्त! घरात चार फोन असतील, तर ज्याला इंटरनेट लागत नाही, त्याला नुसत्या बोलण्याचे रिचार्ज पुरते.

आता नंबराची गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका घरी थोरला मुलगा चाकणला कारखान्यात नोकरीला लागला. आधारला, बँकेला, महाडीबीटीला त्याचाच नंबर जोडलेला, कारण घरात तोच एक शिकलेला आणि स्मार्टफोनही त्याच्याकडेच. त्या वेळी अर्जांची सोडत निघत असे. ठिबकसाठी वडिलांचे नाव निघाले आणि कागदपत्रे चढवण्याचा निरोप चाकणला गेला. पोरगा पाळीवर, फोन लॉकरात, घरी आल्यावर शंभर निरोपांत तो निरोप बुडालेला. मुदत गेली. वडिलांना कळले ते दोन महिन्यांनी, शेजाऱ्याच्या रानात नळ्या पसरल्या तेव्हा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा वाट, आणि मधला उन्हाळा मोसंबीची झाडे टँकरने जगवली.

पोराची त्यात चूक म्हणावी तर तसे नाही. नंबर शेतीचा होता आणि तो शेताबरोबर राहिला नाही, एवढेच. म्हणून फोन घेण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर गावातच राहणाऱ्या माणसाच्या हातात असला पाहिजे. मुलगा शहरात गेला, तर त्याने आपला नवा नंबर घ्यावा, घरचा घेऊन जाऊ नये. नवऱ्यामागे जमीन बाईच्या नावावर आली असेल, तर नंबरही तिचाच असावा, दिराचा किंवा भाच्याचा नको. ओटीपी पाच-दहा मिनिटांत शिळा होतो. तो विचारायला माणूस हाकेच्या अंतरावर हवा.

दुकानात

पक्के बिल घ्या. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो छापील किमतीत धरलेलाच असतो. त्यामुळे "बिल हवे तर अठरा टक्के वर" असे कोणी म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा. बिलावर फोनाचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लिहिलेला असावा. फोनावर *#०६# दाबले, की तोच क्रमांक पडद्यावर येतो. खोक्यावरचा, बिलावरचा आणि पडद्यावरचा ताडून पाहा. जुना फोन विकत घेताना तर हे अत्यावश्यक. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा निरोप १४४२२ वर पाठवला, की फोनची माहिती येते. चोरीचा म्हणून अडवलेला फोन असेल, तर तेथेच कळते. आपला फोन हरवला, तर संचार साथी या सरकारी सेवेतून तो बंद पाडता येतो, पण त्यासाठीही हा क्रमांक आणि पोलीस तक्रार लागते. बिल सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा.

हप्त्यांवर घ्यायचा असेल, तर 'शून्य टक्के व्याज' या शब्दांवर न जाता एकूण किती रुपये जाणार ते कागदावर लिहून घ्या. फाइलचा खर्च, विमा, रोख घेतल्यास मिळणारी सूट हे सारे त्यात धरा. आणि शेतकऱ्याचे पैसे हंगामाला येतात, हप्ता मात्र दर महिन्याला जातो, हे विसरू नका. दोन हप्ते चुकले, की बँकेतला पत खराब होते आणि पुढे पीक कर्जाच्या वेळी ते आडवे येते.

फोन घरी आल्यावर

पहिल्याच संध्याकाळी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून दोन गोष्टी शिकवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार. आणि व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' किंवा 'अनुदान यादी' अशा नावाची एपीके फाइल आली, तर ती कोणीही पाठवलेली असो, उघडू नये. तिच्यामागे चोर असतो. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० ला फोन करावा.

मग हवामान खात्याचे मेघदूत आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ही दोन अॅप घ्या. दामिनी आसपास वीज पडण्याची सूचना देते. मोबाईलमुळे वीज अंगावर पडते, ही समजूत खोटी आहे. वीज पडते ती झाडाखाली थांबल्याने, मोकळ्या रानात उभे राहिल्याने. सूचना आली, की नांगर तिथेच सोडून घर गाठावे.

जुना बटनांचा फोन मोडीत देऊ नका. चार दिवस चार्ज टिकतो, पडला तरी फुटत नाही, आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर त्याच्यावरूनही लागतो, सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, मराठीतून. गोठ्यात खुंटीला टांगून ठेवा.